आणिकाकांची बावीस पानं

आणिकाका बाकाच्या मधोमध कधी बसले नाहीत. बाक पूर्ण रिकामा असला तरी ते एका टोकाला टेकत, आणि तेही असे की अर्धं अंग बाहेरच राही. कुणी आलं की त्या अर्ध्या जागेतूनही आणखी थोडे सरकत. खरं तर सरकायला तिथे काही उरलेलं नसे. ते नुसतं सरकल्यासारखं करत, येणाऱ्याला आपल्यासाठी जागा झाली असं वाटावं म्हणून. इंदुरात बसमध्ये, पोह्यांच्या ठेल्यावर, दवाखान्याच्या रांगेत "भिया, थोडा सरको" हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. काकांना उद्देशून ते कुणी म्हटल्याचं मी सात वर्षांत ऐकलं नाही.

ते जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांच्याबद्दल लिहायचं मी इतके दिवस टाळत होतो. टाळण्याची कारणं मला चांगली होती, आणि चांगली कारणं शोधणं हा माझा धंदाच आहे. मी इथल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो.

आमची ओळख वाचनालयात झाली. मराठी वर्तमानपत्रं एक दिवस उशिरा येतात असं ते जुनं वाचनालय. मी नोकरीसाठी सांगलीहून इंदुरात येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, तरी शिळं का होईना, मराठी वर्तमानपत्र हातात घेतल्याशिवाय मला रविवार वाटत नसे. काका समोरच्या बाकावर, अर्थात टोकाला, ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर पेन्सिलीने काही अक्षरं गिरवत बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन, सगळा जन्म पुलांचे आणि फलाटांचे नकाशे काढण्यात गेलेला. त्यामुळे अक्षर असं की छापल्यासारखं. पण लिपी कोणती ते मला कळेना. न राहवून मी विचारलं.

"आमची," ते म्हणाले.

"आमची म्हणजे?"

"शनवार तेल्यांची. मालूम आहे ना? कोकणातले यहुदी. तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद. आमचे आजोबा संस्थानच्या नोकरीत इथे आले, ते इथेच राहून गेले. आता इंदुरात आमच्यातला मी एकटाच. म्हणजे सभा भरवली तर अध्यक्षपण मीच, सतरंजी घालणारापण मीच."

मग त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हाला चाळिशी लागली का?"

मी डोळ्यांवरचा चष्मा काढून दाखवला. ते हसले. "ही नाही हो. वयाची."

"एक्केचाळीस."

"लग्न?"

"झालंय."

"दोन वेळचं पोट भरतं? झोप लागते?" मी सगळ्याला हो म्हटलं. "मग चालेल," ते म्हणाले. "आमच्याकडे एक पुस्तक आहे. ते चाळिशीच्या आत, बिना लग्नाचं, आणि उपाशीपोटी वाचायचं नाही असं जुने लोक सांगून गेलेत. आणि एकट्याने तर बिलकुलच नाही. दोन माणसं लागतात. मी दुसरा माणूस शोधून राहिलोय, अकरा साल झाले."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता. छत्रीबागेतल्या एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. शुक्रवारचा सूर्य मावळला की काका विजेचं बटण दाबत नसत, गॅस पेटवत नसत, पेनला हात लावत नसत. शुक्रवारीच करून ठेवलेला चहा मोठ्या थर्मासमधून शनिवारी दुपारी ओतला जाई. त्याला थर्मासचीच चव असे. खोलीत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि टेबलावर काळ्या कापडी बांधणीचं ते पुस्तक. कबालाचं. यहुद्यांच्या गूढविद्येचं नाव मी ऐकलं होतं. कबाला म्हणजे मंत्रतंत्र, आकडेमोड, ताईत, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी तसं म्हणालोही.

"कबाला म्हणजे घेणं," काका म्हणाले. "बस. दुसरं काही नाही. तुम्ही कबूल म्हणता ना, त्याच घराण्यातला शब्द. एकाने दिलं, दुसऱ्याने कबूल केलं. आता ऐका." त्यांनी पुस्तकातल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि वाचलं, "अनी."

मी वाट पाहू लागलो. इंदूरची मराठी माणसं 'ण' म्हणत नाहीत. पाणी 'पानी' होतं, तसं 'आणि'चं 'आनि' होतं. काका एक वाक्य सुरू करून मध्येच थांबलेत असं मला वाटलं. थोड्या वेळाने मी नम्रपणे विचारलं, "आणि? पुढे काय?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. हिब्रूत अनी म्हणजे मी. ते मला पुस्तकातला 'मी' दाखवत होते आणि मी त्यांना पुढचं विचारत होतो. "प्रोफेसर, हे तुम्ही गलतीने बोलले, पण पुस्तकाच्या बाहेरचं नाही बोलले," ते डोळे पुसत म्हणाले. "मी. आणि पुढे काय? हाच तर सवाल आहे." मग ट्रेसिंग पेपरवर आधीच लिहून ठेवलेली तीन अक्षरं त्यांनी पुढे सरकवली. त्या तीन अक्षरांचा शब्द अनी. शेवटच्या दोघांची अदलाबदल केली की तोच शब्द होतो आयिन, म्हणजे काहीच नाही. "सामान तेच आहे, बघा. एक अक्षर बाहेरून आणलं नाही, एक फेकलं नाही. फक्त जागा बदलायची. इतकंच काम आहे. माझी ऐंशी वर्षं होत आली, माझ्याच्याने झालं नाही."

घरी येऊन मी हा किस्सा बायकोला सांगितला. सुनंदानेच मग त्यांचं नाव आणिकाका ठेवलं, आणि पुढे ते त्यांच्या कानावरही गेलं. त्यांना ते इतकं आवडलं की फोनवर ते स्वतःच म्हणत, "मी आनिकाका बोलतोय. आनि काय म्हणता?"

शिकवण्याची त्यांची रीत त्यांच्या घरातून आलेली होती. ते मूळ ओळ मोठ्याने वाचत, मग तिचं मराठी करत, आणि मग थांबत. तिथून पुढे माझं काम. ते काम म्हणजे अडवणं. पटलं तर गप्प बसायला परवानगी नव्हती. "एकटा माणूस वाचायला बसला की पुस्तक त्याला जे पाहिजे तेच सांगतं," ते म्हणत. "समोर अडवणारा पाहिजे. तुम्ही माझा 'मी' अडवा, मी तुमचा अडवतो." पुस्तकात खूण ठेवायची नाही हाही घरचाच नियम. कुठपर्यंत आलो ते दोघांनी लक्षात ठेवायचं. दोघांचं जुळलं नाही तर एक पान मागे जायचं. दुसरा माणूस बदलला तर पुन्हा पहिल्या पानापासून. त्यांचा आधीचा जोडीदार म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तो मुलांच्या मागे इस्रायलला गेला आणि तिकडेच वारला. पुस्तक तेव्हा निम्मंही झालं नव्हतं. माझ्याबरोबर त्यांनी ते पुन्हा पहिल्या पानावर उघडलं, आणि तेव्हाच सांगितलं, "एकदा पूर्ण वाचायचं आहे. जन्मात एकदा. पूर्ण झालं की पुस्तकालाच सांगायचं असतं, आम्ही परत येऊ म्हणून. मग जिलबी खायची. ते एक वाक्य मला बोलायचं आहे, प्रोफेसर. बाकी काही नाही."

मी वर्गात अहंकार हा शब्द वापरत असे. काकांना तो चालत नसे. "अहंकार म्हटलं की तो खूश होतो. मोठ्या नावाने हाक मारली ना. साधं मी म्हणा." एकदा त्यांनी मला आठवडाभर 'मी' न म्हणता बोलायला सांगितलं. मला ते सोपं वाटलं. मराठीत तर 'मी' गाळता येतो. पुढच्या शनिवारी मी विजयी मुद्रेने सांगितलं, "एकदाही म्हटलं नाही. कॉलेजात गेलो, घरी आलो, भाजी आणली, पेपर तपासले."

"गेलो," काका म्हणाले. "त्यातला 'लो' कोण आहे?"

मी 'गेलो', 'आलो' पुटपुटून पाहिलं.

"पुढच्या दाराने हाकलला तर शेपटीत जाऊन बसला. वेरी गुड. आता कळलं तो किती होशियार आहे." घरी सुनंदाने यावर वेगळाच शेरा मारला. "मला विचाराल तर तुमचा 'मी' रोज संध्याकाळी नाहीसा होतो. कचऱ्याची गाडी आली की." इंदुरात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, आणि ते ऐकून मी पुस्तकात तोंड खुपसून बसतो ही गोष्ट खरी होती.

जग कसं झालं यावर त्या पुस्तकात पुष्कळ पानं आहेत. आधी सगळीकडे तोच होता, अंत नसलेला. जगाला जागाच नव्हती. मग त्याने स्वतःला आखडून घेतलं, आणि जी पोकळी झाली तिच्यात जग मावलं. मी यावर दोन शनिवार वाद घातला. जो सगळीकडे आहे तो आखडेल कुठे? काकांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगलीचे, तुम्हाला नाही समजणार. इंदूरवाल्याला एका मिनिटात समजतं. देव सरकला. बस." आणि मग, बऱ्याच वेळाने, "आपण त्याच जागेत पाय पसरून बसलोय."

त्यांच्या शेजारी शर्मा भाभी राहत. वयाने साठीच्या, माळव्यातल्या, मोठ्या आवाजाच्या. शुक्रवारी अंधार पडला की त्या आपण होऊन काकांचा दिवा लावून जात आणि वेळेला येऊन मालवत. काकांनी सांगायचं नाही आणि त्यांनी विचारायचं नाही, असा चाळीस वर्षांचा रिवाज होता. शनिवारी दुपारी त्या हटकून काहीतरी घेऊन येत. एकदा कणकेचे, तुपात बुडवलेले बाफले आणि डाळ घेऊन आल्या. मी जेवून गेलो होतो. दोन्ही हातांनी ताट अडवत म्हणालो, "नहीं नहीं भाभीजी, बिलकुल जगह नहीं है." त्या ताट घेऊन परत गेल्या. काका माझ्यावर इतके चिडलेले मी त्या एकाच दिवशी पाहिले.

"नको म्हणणारा कोण होता?" त्यांनी विचारलं.

"पोट भरलं होतं, काका."

"पोट नाही बोललं. पोटाला तोंड आहे का? तुम्हाला वाटलं, कोणाचं उगाच कशाला घ्या, मी काय भुकेला आहे का. ती चार घंटे चुलीपाशी बसली होती. तुम्ही दोन घास घेतले असते तर ते तुम्ही दिले असते, प्रोफेसर. घेऊन देणं, हेच तर इतक्या सालांपासून वाचून राहिलो आपण." मग ते स्वतः उठले, भाभींच्या दारात गेले आणि ताट मागून आणलं. मी एक बाफला खाल्ला. ते समोर बसून माझा घास न् घास बघत होते.

या सगळ्याने माझ्यात काही बदल होत होता असं मला वाटायचं. कॉलेजच्या पत्रिकेत नाव खाली छापलं गेलं तरी मी भांडलो नाही. विद्यार्थ्याने चूक दाखवली तर घसा कोरडा पडेनासा झाला. बसमध्ये मी सरकू लागलो. आणि हे सगळं मी नोंदवून ठेवत होतो. शनिवारी काकांकडे पेन उघडायचं नसे. म्हणून मी घरी आल्यावर आठवून आठवून वहीत लिहीत असे. त्यांचं इंदुरी मराठी माझ्या वहीत शुद्ध होऊन उतरे. "देव सरकला" याच्या जागी मी "अनंताने स्वतःचा संकोच केला" असं लिही. काही वर्षांनी त्या सात वह्यांमध्ये काकांचं एकही वाक्य त्यांच्या आवाजात उरलं नव्हतं. वाचताना मला ते सगळं माझंच वाटे. चूक तिथे होती. पण मला ती नंतर दिसली.

इथल्या एका मराठी मंडळाने व्याख्यानमालेत मला बोलावलं. विषय मी निवडला, 'मी'च्या पलीकडे. भाषण लिहून काढलं होतं. त्याच्या दुसऱ्याच परिच्छेदात काकांचं नाव होतं, त्यांच्यापाशी बसून मी हे शिकतो आहे असं स्पष्ट वाक्य होतं. काका आले होते. शेवटच्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर. मी बोलायला लागलो. तीन अक्षरं फळ्यावर काढली आणि सभागृहात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. त्या शांततेत ते वाक्य मध्ये आणवेना. ओघ तुटेल असं वाटलं. नंतर म्हणू, शेवटी म्हणू, असं करता करता टाळ्या वाजल्या. एका गृहस्थांनी उठून विचारलं, "सर, हे एवढं सगळं आपल्याला मिळालं कुठून?"

मी म्हणालो, "बऱ्याच वर्षांचं वाचन आहे."

म्हणताना माझी नजर शेवटच्या रांगेकडे गेली. काका नेहमीसारखे बसले होते. कार्यक्रम संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबले, मग पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "छान बोललात. बिलकुल साफ. मला कधी इतकं साफ बोलता आलं नाही." त्यात कुठेही टोमणा नव्हता. तो असता तर मी पुढच्या शनिवारी गेलो असतो.

मी गेलो नाही. रविवारी त्यांचा फोन आला. तब्येत ठीक ना? मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांचं. मग कॉलेजात तपासणीला येणाऱ्या समितीचं. पुस्तकाची तेव्हा बावीस पानं राहिली होती. काका फोनवर एवढंच म्हणत, "बावीस आहेत, प्रोफेसर. आमची मुळाक्षरं पण बावीसच. पूरी बाराखडी बाकी आहे. चार शनिवार लागतील, बस." मी हो हो म्हणत असे. असे चार महिने गेले, त्यांत सोळा-सतरा शनिवार आले असतील.

मग ते एके दिवशी घरी आले. हिवाळा होता, गळ्यात मफलर, तीन जिने चढून धाप लागलेली. सुनंदाने त्यांना बसवलं, पाणी दिलं. ते सोफ्याच्या कडेवर टेकले. मी समोर उभाच होतो.

"नाव नाही घेतलं ते ठीकच झालं," काका म्हणाले. "घेतलं असतं तर मला तिथे बसायला मुश्किल झालं असतं. ते मी विसरलो. तुम्ही नाही विसरले."

"तसं काही नाही काका. खरंच वेळ मिळाला नाही."

"प्रोफेसर, लाजेतपण 'मी'च बसलेला असतो. फक्त तोंड भिंतीकडे करून." त्यांनी पाण्याचा पेला नीट टेबलाच्या मध्ये ठेवला. "कबूल करून टाका आणि या. दुसरा माणूस आता मी कुठून आणू? परत पहिल्या पानापासून करायला माझ्याकडे दिवस नाहीत."

मी म्हणालो, समितीचं काम संपलं की येतो. ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, "जा ना हो. एवढा म्हातारा माणूस जिने चढून आला." मी तिच्यावर ओरडलो. घरी येऊन, बायकोसमोर, मला माझ्या लाजेबद्दल ऐकवण्याचा त्यांना काय अधिकार, असं काहीसं मी बोललो. इतके दिवस मला नुसती शरम वाटत होती. आता दुखावला गेल्याचं कारण मिळालं, आणि त्या कारणाने मला बरं वाटलं हे मी लिहून ठेवतो. शरमेपेक्षा रागात राहणं सोयीचं असतं.

सहा आठवड्यांनी एका बुधवारी संध्याकाळी शर्मा भाभींचा फोन आला. "भाईसाहब, बाबूजी नहीं रहे." जेवायच्या ताटावरच गेले होते. मी जाऊन पोचलो तेव्हा भाभी त्यांच्या पायाशी बसून होत्या. त्यांनी मला सांगितलं की शनिवारी दुपारी काका टेबलाशी बसत. पुस्तक समोर, पण उघडायचे नाहीत. त्यांनी एकदा विचारलं, बाबूजी, पढ़ते क्यों नहीं? तर म्हणाले, ते आले की. "कौन, पूछा मैंने। बोले, प्रोफेसर। उनको बहुत काम रहता है।"

काकांची भाची गुरुवारी दुपारी विमानाने ठाण्याहून आली. पन्नाशीची, शाळेत शिकवणारी बाई. बरोबर तिचे यजमान आणि समाजातले दोन वयस्कर गृहस्थ. इंदुरात त्यांच्या रीतीने मूठमाती देणारं कुणी नव्हतं. शुक्रवारचा सूर्य मावळण्याआधी ठाण्याला सगळं आटोपायचं होतं, म्हणून गाडी बाहेर उभीच होती. आतल्या खोलीत त्या गृहस्थांनी काकांना अंघोळ घालून पांढरं नेसवलं. मी बाहेरच्या खोलीत, टेबलापाशी. समोरची खुर्ची रिकामी होती आणि मी माझ्याच खुर्चीवर बसलो होतो हे माझ्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. मी उठून उभा राहिलो.

भाचीने पुस्तक उचललं. आतून ट्रेसिंग पेपरची एक चिठ्ठी निघाली. खूण नव्हे, चिठ्ठी, पहिल्या पानाला चिकटवलेली. नकाशावरच्या अक्षरात मराठीत दोन ओळी. पुस्तक पूर्ण झालं असेल तर प्रोफेसरसाहेबांना द्यावं. अर्धं राहिलं असेल तर माझ्याबरोबर ठेवावं.

"आमच्यात देवाचं नाव असलेलं पुस्तक रद्दीत देत नाहीत," ती मला समजावून सांगू लागली, मी परका असल्यासारखं. "जीर्ण झालं की पुरतात. पण हे तर चांगलं आहे. मामा फोनवर नेहमी सांगायचे, आता संपतच आलंय, आता संपतच आलंय." तिने माझ्याकडे पाहिलं. "पूर्ण झालं होतं का, सर?"

हे सांगू शकणारा जगात मी एकटाच होतो. काळ्या कापडाच्या कडा काकांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या होत्या. सात वर्षांत मी ती लिपी थोडीफार वाचायला शिकलो होतो. ते पुस्तक माझ्याकडे राहिलं असतं तर उरलेली पानं मी शब्दकोश घेऊन कशीबशी लावली असती. शिवाय काकांचं काहीतरी माझ्याजवळ राहिलं असतं. आणि ती बाई हो हे उत्तर ऐकायला तयार होती. तिला ते हवंच होतं. मामाची इच्छा पुरी झाली असं ठाण्याला जाऊन सांगता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "बावीस पानं राहिली. माझ्यामुळे राहिली. मी यायचा थांबलो."

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक आत घेऊन गेली. दारातून मला दिसलं, पांढऱ्या कापडाची घडी उचलून तिने ते काकांच्या कुशीला ठेवलं. त्या वेळी मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. काहीच वाटलं नाही, हे जास्त खरं. अपराधीपणही नाही, दुःखही नाही. छातीत नेहमी काहीतरी बोलत असतं ते गप्प होतं. मिनिटभर, फार तर दोन मिनिटं, मी त्या खोलीत होतो आणि खोलीत माझी अडचण नव्हती. काका सात वर्षं ज्याबद्दल वाचत होते ते हेच का, हे विचारायला माणूस आत कापडात गुंडाळलेला होता.

गाडी गेली. गल्लीच्या वळणावर तिला दोनदा मागेपुढे करावं लागलं. मग ती नदीच्या बाजूला वळली आणि दिसेनाशी झाली. शेजारपाजारची माणसं पांगली. मी आणि शर्मा भाभी काकांच्या बंद दाराच्या पायरीवर बसलो. त्या पदराने डोळे पुसत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाईसाहब, चालीस साल देखा, कभी पूछा नहीं। ऐसा क्या था उस किताब में?"

मी सांगायला लागलो. हिंदीत, सोप्या शब्दांत. घेणं म्हणजे काय, जागा करणं म्हणजे काय, 'मैं' कसा सगळीकडे लपून बसतो. तीन अक्षरांचं सांगितलं. पायरीवरच्या धुळीत बोटाने ती काढून दाखवली. मला सगळं सुचत गेलं. समोरच्या घरातला एक माणूस जाता जाता थांबला, मग त्याची बायको बाहेर आली. मी आवाज थोडा वाढवला. चांगली दहा-पंधरा मिनिटं बोललो असेन.

माझं झाल्यावर भाभींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "आप कितना अच्छा समझाते हो, भाईसाहब। बाबूजी की बात तो कभी समझ ही नहीं आती थी।"

मी त्यांना थँक यू म्हणालो.